गोडाची पळी

मी लाकडी पळी बोलते आहे. डाव, झारा, उलथणे, चिमटा या माझ्या भाऊबंदांपैकी कोणी आजवर तोंड उघडलेले नाही, आणि त्यात कदाचित त्यांचे शहाणपण असेल. मला ते साधत नाही. माझ्यावर अन्याय झाला, मी त्याचा सूड घेतला, आणि तो घेतल्याचा मला यत्किंचितही पश्चात्ताप नाही. ज्यांना क्षमा, सहनशीलता वगैरे गुणांचे निरूपण ऐकायचे असेल, त्यांनी एखाद्या पायपुसण्याचे आत्मवृत्त वाचावे.

माझे कूळ नासपतीचे. एका वादळात त्या झाडाची फांदी मोडून एका सुताराच्या अंगणात पडली. हा सुतार खुर्च्या करीत असे आणि लाकडाच्या बाबतीत त्याला घाई माहीत नव्हती. त्याने ती फांदी सावलीत वाळवत ठेवली, आणि त्याची एकुलती मुलगी लग्न होऊन सासरी निघाली तेव्हा त्या फांदीतून मला कोरले.

मुलगी डावखुरी होती. ‘उजव्या हाताने कर’ असे तिला सगळ्या गावाने लहानपणापासून ऐकवले. बापाने एकदाही नाही. उलट त्याने माझी कड डाव्या हाताला बसेल अशी तिरपी तासली. पातेल्याचा तळ त्या कडेने एका ओढीत स्वच्छ निघावा, असा त्याचा हिशेब. उजव्या हातात मात्र मी आडमुठी वागते. हा दोष नसून माझा बांधा आहे.

“दांडा लांब ठेवलाय,” मला मुलीच्या हातात देत तो म्हणाला. “उकळता जॅम हातावर उडतो. आणि एक ध्यानात ठेव. ही गोडाची पळी. हिला कांदा-लसूण दाखवायची नाही. लाकूड जे पितं ते धरून ठेवतं.”

“आणि चुकून दाखवली तर, बाबा?”

“तर मीठ, लिंबू आणि ऊन. वर्षं जातात त्यात. आणि घासणारं माणूस चिवट लागतं.”

मुलगी हसली. चुकून असे काही घडेल, असे दोघांनाही वाटले नव्हते. चुकून घडलेही नाही.

सासरचे घर अरुंद आणि लांबट होते. शेवटी स्वयंपाकघर, त्याच्या खिडकीबाहेर परस, आणि परसात आलुबुखाराची जुनी झाडे. खिडकीशी सासूबाईंची खुर्ची असे. त्यांचे डोळे अधू झाले होते, पण नाक असे तल्लख की शेजारच्या घरी दूध उतू जाण्याआधी त्या इकडून ओरडत. थोरला मुलगा, म्हणजे माझ्या मालकिणीचा नवरा, जहाजावर नोकरीला होता आणि वर्षाकाठी एकदा पाहुण्यासारखा येई. धाकटा गावातल्याच कापडाच्या दुकानात होता. घर त्याच्या पगारावर चाले, आणि ही गोष्ट त्याची बायको कोणाला विसरू देत नसे.

घरात सगळे माझ्या मालकिणीला थोरली म्हणत आणि तिच्या जावेला धाकटी. धाकटी वाईट होती असे मी म्हणणार नाही. माझ्या भावना व्यक्त करण्यास तो शब्द फार सौम्य आहे.

उन्हाळा ओसरला की आलुबुखार पिकत आणि आमचे दिवस येत. थोरली फळे पुसून चिरी, बिया काढी आणि साखरेत मुरत ठेवी. फळांना स्वतःचा रस सुटला की पातेले चुलीवर चढे आणि मी आत उतरे. आधी मंद आच, मग मोठी. गुलाबी फेस वर येई. तो ती अलगद काढून सासूबाईंना बशीत देई, कारण म्हातारीचा त्या फेसावर जीव होता. मग जांभळा रंग गडद होत जाई, बुडबुडे जड होत, आणि मी तळाशी येरझारा घालू लागे. थंड बशीवर थेंब टाकून तो बोटाने ढकलायचा. त्याला सुरकुती पडली की जॅम झाला. उकळून कोरड्या केलेल्या बरण्या रांगेत वाट पाहत असत. त्यांत गरम जॅम गळ्यापर्यंत भरायचा, झाकण घट्ट लावायचे आणि बरणी क्षणभर उलटी करायची.

हिवाळ्यात बाहेर झाडावर पान नसे, बाजारात फळ नसे, आणि आमच्या फळीवर मात्र उन्हाळा ओळीने मांडलेला असे. त्या घरात थोरलीचे म्हणावे असे फार थोडे होते. तेवढी फळी तिची होती, आणि मी.

माझा खिळाही वेगळा होता. बाकीची मंडळी चुलीवर टांगलेली. मी खिडकीशी, एकटी. याला कोणी गर्व म्हणेल. मी त्याला शिस्त म्हणते.

एका वर्षी बरण्या भरून झाल्या आणि थंडीच्या तोंडावर थोरली परसाच्या निसरड्या पायरीवरून घसरली. डाव्या हाताचे मनगट मोडले. हात प्लास्टरमध्ये, प्लास्टर गळ्यात, आणि स्वयंपाकघर धाकटीच्या ताब्यात.

पहिल्याच दिवशी धाकटीने तेल तापवले, कांदा टाकला, मूठभर लसूण ठेचून टाकली आणि हाताशी काय आहे ते न पाहता मला खिळ्यावरून ओढले.

आतल्या खोलीतून थोरलीने माझ्या खिळ्याचा आवाज ओळखला. “अगं, ती खिडकीजवळची नको घेऊस. गोडाची आहे ती. दुसरी घे.”

“बरं बरं,” धाकटी म्हणाली, आणि मला तेलात खुपसले.

ते ‘बरं बरं’ मी आजही विसरलेली नाही. न जाणता केलेल्या अपराधाला मी एखादे वेळी सूट दिली असती. पण हे सांगून, ऐकून, होकार देऊन केलेले होते. माणसांची ही एक खास रीत आहे: तोंडाने मान्य करायचे आणि हाताने करायचे तेच करायचे.

तो सारा हिवाळा ती मला रोज तेलात बुडवीत राहिली. माझ्या प्रत्येक रेषेत, जिथे वर्षानुवर्षे आलुबुखाराचा रस मुरला होता, तिथे लसणीने बिऱ्हाड केले. मी ओरडू शकत नव्हते. मी फक्त पीत राहिले. आणि पिता पिता एक निश्चय केला: हिचे हिलाच परत करीन, आणि चारचौघांत करीन.

त्याच हिवाळ्यात धाकटीने फळीवरची एक बरणी उचलून गावातल्या बेकरीवाल्याला नेऊन दिली. बेकरीवाला स्थूल, घामट आणि खाण्याच्या बाबतीत अत्यंत गंभीर मनुष्य होता. काही दिवसांनी तो रिकामी बरणी परत करायला स्वतः घरी आला. सासूबाई दुपारच्या झोपेत होत्या. धाकटी चुलीशी होती आणि मी, अर्थातच, कांद्यात.

“ताई, हा जॅम कुणी केला?” त्याने दारातूनच विचारले. “चाळीस वर्षं पाव भाजतोय, असा जॅम पावाला लागलेला पाहिला नाही.”

आतल्या खोलीचे दार अर्धे उघडे होते. आत थोरली पलंगावर बसली होती.

“मीच केलाय,” धाकटी म्हणाली. “दुसरं कोण करणार?”

“मग ऐका. भट्टीमागची खोली रिकामी आहे. मोठी चूल आहे, फळ्या आहेत. फळ मी आणतो. पुढच्या हंगामात एक पातेलं इथेच करून मला चाखवा. जमलं, तर ती खोली तुमची आणि वर्षभराचं काम तुमचं. बरणीवर नावही तुमचंच घालू.”

स्वतःची खोली, स्वतःची चूल, स्वतःच्या नावाची बरणी. थोरलीने आयुष्यात उघडपणे कधी काही मागितले नव्हते, पण मागितले असते तर नेमके हेच मागितले असते, हे मला ठाऊक आहे. तिच्या हाताची पकड माझ्याइतकी कोण ओळखते? मी त्या अर्ध्या दाराकडे पाहत राहिले. ती बाहेर येईल, ‘खोटं आहे हे’ म्हणेल, याची वाट पाहिली.

ती आली नाही. बेकरीवाला गेल्यावर दार आतून हळूच लागले, इतकेच.

प्लास्टर निघाले त्या दिवशी थोरली स्वयंपाकघरात आली आणि सरळ माझ्याकडे वळली. मला नाकाशी नेले आणि तिचा चेहरा उतरला.

“हिनं कांदा-लसूण परतलीस का गं?”

“छे! मी कशाला हात लावते तुमच्या पळीला?” धाकटी म्हणाली. “तुमची पळी म्हणजे देव्हाऱ्यातली वस्तू. आम्ही पामर लांबूनच नमस्कार करतो.”

थोरलीने मला कोमट पाण्यात धुतले, पुसले आणि खिळ्याला टांगले. मला धाकटीचा संताप होताच. त्या दिवशी मालकिणीचाही आला. बाई गं, मातीची आहेस की मेणाची?

पुन्हा उन्हाळा ओसरला. फळे पिकली. बेकरीवाल्याला बोलावणे गेले.

“तू करणार जॅम?” खिडकीतून सासूबाईंनी धाकटीला विचारले. “थोरली घरात असताना?”

“जाऊबाईंचा हात अजून अधू आहे ना, आई. त्यांना कशाला त्रास?”

“करू दे तिला,” थोरली म्हणाली.

धाकटीने फळे चिरली, साखर घातली, सगळे जसे पाहिले होते तसे केले. पाहून पाहून तिला बरेचसे येतही होते. फक्त एका गोष्टीची तिला खात्री नव्हती, ती म्हणजे स्वतःची. म्हणून तिने मनाशी एक समजूत करून घेतली होती. थोरली इतक्या वर्षांत दुसऱ्या कशाने जॅम ढवळत नाही, वेगळ्या खिळ्याला टांगते, कोणाला हात लावू देत नाही. त्या अर्थी चवीचे सगळे रहस्य या पळीतच आहे. ज्या पळीला तिने हिवाळाभर लसूण पाजली, तिच्यातच आता ती अमृत शोधायला निघाली.

तिने माझ्याकडे हात केला तेव्हा थोरली मध्ये आली.

“ती नको घेऊस. खरंच सांगते. वास धरलाय तिनं. दुसरी घे.”

मला वाटले, आता सगळे फसणार! आपल्या सुडाच्या वाटेत आपलीच मालकीण आडवी यावी, याहून मोठे दुर्दैव ते कोणते? पण मी धाकटीला कमी लेखले होते.

“कळतं हो मला,” ती म्हणाली. “द्यायचीच नाहीये तुम्हाला. माझं चांगलं झालेलं बघवणार आहे का कुणाला ह्या घरात?” आणि मला हिसकावून घेतले.

पातेले चढले. मी आत उतरले. सुरुवातीला स्वस्थ राहिले. फेस आला, गेला. मग मोठी आच लागली, साखर खदखदू लागली, तशी मी माझी एकेक रेषा उघडली. हिवाळाभर जे माझ्यात कोंबले होते ते थेंबाथेंबाने, न सांडता, न विसरता परत केले. धाकटी उजव्या हाताने मला ओढत होती. माझी कड तळाला नीट बसत नव्हती. “मेली किती अडते!” ती पुटपुटली. मी अडत नव्हते, बाई. मी मोजून देत होते.

तिने चाखूनही पाहिले. पण गरम असताना साखर सगळ्यांवर पांघरूण घालते, आणि रोज बोटांना लसणीचा वास असणाऱ्या बाईला तो निराळा जाणवणार कसा? घरातल्या कोणाला तिने चव दिली नाही. आधी बेकरीवाला, मग घर, असा तिचा हट्ट. सासूबाईंना फेसाची बशीसुद्धा मिळाली नाही.

“कसला तरी वास येतोय गं,” म्हातारी दोनदा म्हणाली.

“शेजारी काहीतरी परततायत, आई.”

दुसऱ्या दिवशी बेकरीवाला ताजा पाव काखेत मारून आला. खुर्चीवर बसला, रुमालाने हात पुसले. धाकटीने बरणी उघडून समोर ठेवली. त्याने पावाचा तुकडा कापला, जाड थर लावला, डोळे मिटून घास घेतला आणि चावायचा थांबला. डोळे उघडले. घास गिळला, कारण तो सभ्य होता.

“ताई,” तो हळूच म्हणाला, “हा पावाला लावायचा की मटणाला?”

“म्हणजे?”

“लसूण आहे ह्यात.”

धाकटीने बोट घालून चाखले. थंड झालेल्या जॅमने तिच्यापासून काही लपवले नाही. तिचा चेहरा मी खिळ्यावरून पाहत होते. तो एक क्षण माझ्या आयुष्यातील सर्वोत्कृष्ट क्षण आहे, आणि मी तो कोणाला उसनाही देणार नाही.

“गेल्या वर्षी तर तुम्ही इतका सुंदर केला होता,” बेकरीवाला खरोखरच दुःखाने म्हणाला.

खिडकीतली खुर्ची करकरली. “कुणी केला होता?” सासूबाईंनी विचारले.

“ह्यांनीच ना, आजी. त्याच म्हणाल्या.”

“असं म्हणाली?” म्हातारीने धाकटीच्या दिशेने मान वळवली. “ह्या घरात गेल्या वर्षी आलुबुखाराला हात लावला तो थोरलीनं. ही तेव्हा माहेरी होती.”

धाकटी उसळली. “आई, जाऊबाईंनीच मुद्दाम केलंय हे! मला वास मारणारी पळी दिली त्यांनी!”

“दिली? माझे डोळे गेलेत, कान नाही. ती नको नको म्हणत होती आणि तू ओढून घेतलीस. आण ती पळी इकडे.”

मला सासूबाईंच्या हातात दिले गेले. त्यांनी एकदाच हुंगले. “हिवाळाभराची लसूण आहे ही. आणि हिवाळाभर थोरलीचा हात गळ्यात होता.” मग त्यांनी माझ्या कडेवरून अंगठा फिरवला आणि मला बेकरीवाल्यापुढे धरले. “तुम्ही बघा. ही कड कुठल्या हाताची आहे?”

त्याने मला उजव्या हातात धरून हवेत फिरवले, नंतर डाव्या हातात. मग त्याने वळून थोरलीकडे पाहिले. ती डाव्या हाताने पदराचे टोक पिळत दाराशी उभी होती.

“तुम्ही कराल का एक पातेलं?” त्याने विचारले.

तिने केले. त्याच दुपारी, उरलेल्या फळांचे. आणि इथे मला एक कटू गोष्ट नोंदवावी लागते. तिने मला हात लावला नाही. चुलीवर टांगलेली एक साधी स्टीलची पळी घेतली. तिला ना कूळ, ना कड. हात अवघडत होता, मध्येच थांबून ती मनगट दाबीत होती. तरी जॅम झाला तो तसाच, रंगाने, सुरकुतीने, चवीने. बेकरीवाल्याने उरलेला पाव संपवला. रहस्य पळीत नव्हते तर! ही गोष्ट मला त्या स्टीलच्या बयेसमोर कळावी, हे मात्र बरे झाले नाही.

भट्टीमागची खोली थोरलीची झाली. बरणीवर नाव तिचे लागले. आणि मी?

“ही पळी आता तुझी,” सासूबाईंनी धाकटीला सांगितले. “जे पाजलंस ते निस्तर.”

पुढे बेकरीतले काम वाढले. थोरलीला हाताखाली माणूस हवे झाले. धाकटीने पुष्कळ दिवस मान ताठ ठेवली, पण घरी बसून चुलीकडे पाहण्याचा कंटाळा मानेला वाकवतो. एके दिवशी तिने विचारलेच. “जाऊबाई, मी येऊ का तुमच्याबरोबर?”

“ये की,” थोरली नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाली. “त्या पळीचा वास गेला की ये. तीच घेऊन ये. दोघी मिळून करू.”

तेव्हापासून धाकटी मला घासते आहे. मीठ, लिंबू, ऊन. सकाळी परसातल्या दगडावर मांडते, दुपारी बाजू पालटते, संध्याकाळी हुंगते. सुताराने म्हटलेले चिवट माणूस मला अखेर मिळाले. ते हे असेल, असे त्यालाही वाटले नसते. सासूबाई खिडकीतून विचारतात, “काय गं, आज कितीसा उरलाय?” आणि धाकटीचे कान लाल होतात. मी मुकाट्याने घासून घेते. शत्रूच्या हातून सेवा घेण्यात जे सुख आहे ते मित्राच्या हातून घेण्यात नाही.

असे हंगाम गेले. गेल्या फळांच्या वेळी थोरली परसात टोपली घेऊन आलुबुखार निवडत होती. धाकटी मला घेऊन तिच्यापुढे गेली.

“बघा बरं, जाऊबाई. मला तर काही वास येत नाही. गेला का?”

मी माझ्या एकूण एक रेषा धुंडाळल्या आणि हादरले. लसूण कुठेच नव्हती. लिंबू होते, मीठ होते, ऊन होते, आणि सगळ्यांच्या खाली, अगदी गाभ्यात, जुना आलुबुखार. मी स्वच्छ झाले होते! माझे एकमेव शस्त्र त्या बाईने घासून घासून काढून घेतले होते. आता ही मेणाची मालकीण खरे ते सांगणार, धाकटी बेकरीत जाणार, आणि झाले गेले सगळे गोडात विरघळणार.

थोरलीने मला डाव्या हातात घेतले. कड आपोआप जागेवर बसली. तिने डोळे मिटले आणि मला नाकाशी धरले. खूप वेळ धरले. तिला आलुबुखाराचा तो जुना वास आला, हे तिच्या श्वासावरून मला कळले.

मग तिने मला परत केले.

“अजून आहे गं थोडा,” ती अतिशय गोड आवाजात म्हणाली. “पुढच्या वर्षी बघू.”

धाकटी मान खाली घालून लिंबू आणायला आत गेली. थोरली पुन्हा फळे निवडू लागली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काय होते ते मी पाहिले आहे. इतकी वर्षे मी तिला मेणाची समजत होते! सुताराची मुलगी ती. लाकूड जे पिते ते धरून ठेवते, हे तिला कोणी शिकवायला हवे होते का?

मला तिच्या हातात परतायचे नाही, असे नाही. पण घाई नाही.

वाचकहो, माझे सांगून झाले. तुमच्याकडे एकच मागणे आहे. कधी त्या घरी जाण्याचा योग आला, आणि परसातल्या बाईने एक तिरप्या कडेची पळी तुमच्या नाकाशी धरून ‘येतो का हो वास?’ असे विचारले, तर कृपा करून नाक मुरडा.